पाराखालची माती

३१ मे २०२५, प्लेनो

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक येते, आणि इमेल तू न उघडता उडवत असणार. मी असते तर उडवले असते. पत्राचं बरं आहे. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

मराठीत लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये मी फार पटकन सॉरी म्हणते. ग्रोसरीत कार्ट दुसऱ्याने आपटली तरी सॉरी मीच म्हणते. आईच्या रविवारच्या शाळेत आपल्याला पत्राचा मायना शिकवला, शेवटी काय लिहायचं तेही शिकवलं. सॉरीला काय म्हणायचं ते शिकवलं असेल तर मला आठवत नाही.

घर विकलं. मार्चमध्ये बाबा गॅरेजच्या पायरीवरून पडले. तुला सुलेखामावशीने सांगितलं असेलच, ती सगळ्यांना सगळं सांगते. आता वॉकर घेऊन चालतात. चार बेडरूमचं घर आणि एक माणूस. तीस जूनला क्लोजिंग, म्हणजे चाव्या द्यायच्या, मग बाबा माझ्याकडे अर्विंगला. माझी सेकंड बेडरूम म्हणजे खरं तर क्लोजेट आहे, पण खिडकी आहे.

घेणाऱ्यांची एक अट आहे. बॅकयार्डातला ओकचा बुंधा आणि त्याच्या भोवतीचा पार काढून द्यायचा, जमीन सपाट करून द्यायची. त्यांना दोन वर्षांचा मुलगा आहे, झोपाळा लावायचाय.

बाबा नाही म्हणतात. रिअल्टरला, घराच्या एजंटला, तोंडावर म्हणाले, "टेक द हाऊस. द स्टंप स्टेज." तिला वाटलं भावनिक कारण असेल. तिने हाताला हात लावला वगैरे. ती गेल्यावर मला म्हणाले, "पुरावा आहे तो."

कसला पुरावा ते तुला माहितीये. तरी लिहिते, कारण आपण दोघांनी ते कधी एका वाक्यात बोललेलंच नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात आई आजारी होती आणि तेव्हाच ओकची पानं गळायला लागली. त्याआधी एप्रिलमध्ये तू कुंपणाजवळच्या पॉयझन आयव्हीवर औषध मारलं होतंस, कारण आईच्या हाताला पुरळ आलं होतं. बाबांच्या मते तू झाड मारलंस. दुसरं काय मारलंस म्हणाले, ते मी इथे लिहीत नाही.

मी काहीच लिहीत नाही, बघ. पान भरलं तरी.

उर्वी

५ जून

दादा,

बाबा तयार झाले. का, ते ऐक.

"काढायचा तर माझ्यासमोर काढा," म्हणाले. "विषाने मेलेलं लाकूड आतून वेगळं दिसतं. खोदलं की दिसेल. दाखवतो तुला."

म्हणजे आता उत्खनन आहे. चाळीस वर्षं लोकांची गटारं बांधली या माणसाने, खड्ड्यात बघून काय चुकलं ते सांगायचं हेच त्याचं काम. वॉकर घेऊन अंगणात जाऊन उभे राहतात, बुंध्याकडे बघतात. पार्किन्सनवाल्या पाटणकर काकांना फोनवर सांगत होते, "गुरुवारी सिद्ध होईल."

खोदायच्या आधी ८११ ला फोन करावा लागतो, माहितीये ना? सिटीची माणसं येऊन झेंडे लावून गेली. गॅसला पिवळा, पाण्याला निळा, विजेला लाल. अंगणात छोटे छोटे झेंडे, कोणाच्या तरी वाढदिवसाला डेकोरेशन केल्यासारखे. पाराच्या मधोमध एकही नाही. तिथे खाली कोणाचंच काही नाही असं सिटीचं म्हणणं.

पार बांधला तो वीकेंड आठवतो? मी चौदा, तू एकोणीस. बाबांना अमेरिकेत सत्तावीस वर्षं झाली आणि एकदम आठवलं की त्यांच्या गावात पार होता. तिथे म्हणे सगळे निर्णय व्हायचे. "आपल्याकडे एवढं मोठं झाड आहे आणि त्याखाली बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या? लाज वाटते." होम डेपोतून गोल भिंतीचे ब्लॉक आणले, मातीच्या साठ पिशव्या. मी पिशव्या कात्रीने फाडत होते आणि तू ओतत होतास. बाबा लेव्हल घेऊन बसलेले. खोडाला अगदी चिकटवून, दीड फूट उंच माती. वरून फरश्या. "पाऊण इंचाचा उतार दिलाय, पाणी थांबणार नाही." किती खूश होते.

मग मंडळाचे लोक यायचे, बसायचे, चहा प्यायचे. आणि आईची वटपौर्णिमा! वड कुठला प्लेनोत. चार काकू आणि आई, रेड ओकला फेऱ्या मारतायत, आणि सुताचं बंडल तिसऱ्या फेरीत संपलं म्हणून तू गॅरेजमधून मासे पकडायचा नायलॉनचा दोरा आणून दिलास. आई म्हणाली, "चालेल रे, हा तर सात जन्म तुटायचा नाही." हसून हसून खाली बसली होती.

त्या दिवशी तिने जे मागितलं ते मिळालं. बाबा आहेत.

गुरुवारची मला भीती वाटतेय. झाडांतलं मला काही कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. तू बोलावलेली ती झाडांची बाई आली होती ना, मे महिन्यात? तीही पाणी कमी पडतंय एवढंच म्हणाली होती. तर भीती कसली, मला माहीत नाही.

उ.

१० जून

दादा,

आज सुलेखामावशीचा फोन.

"काय गं, बुंधा काढताय म्हणे?"

"गुरुवारी, मावशी."

"आज काय आहे माहितीये का? वटपौर्णिमा. उत्तराच्या झाडाला आज कोणी हात लावायचा नाही हं."

"मावशी, झाड कधीच गेलं. तीन वर्षांपूर्वी कापलं. आणि खोदणं आज नाहीये, गुरुवारी आहे."

"हो, पण तो माणूस आज मोजायला येणारे ना? मग? मोजणं म्हणजे हात लावणंच." मग आवाज खाली करून, "निमिषला कळवलंस?"

"पत्र लिहिलंय."

"पत्र! लग्नाची पत्रिका आहे का?" मग स्वतःच, "त्याच्या लेकीला, अनयाला, सहा पूर्ण झाली. गिरीशला, तुझ्या बाबाला, मी फोटो दाखवला मागे. म्हणाला, चष्मा नाहीये. चष्मा डोळ्यावरच होता गं."

मोजायला आला तो रोहेलिओ नावाचा माणूस. पन्नाशीचा, शांत. मशीन गेटमधून जाणार नाही, कुंपणाची एक फळी काढावी लागेल म्हणाला. आणि आधी भिंत आणि माती काढणार, मगच मशीन. त्याने पाराच्या कडेने एक चक्कर मारली, बुटाच्या टोकाने फरशी दाबली आणि विचारलं, "ही माती कधी घातली?"

मी म्हटलं, आठवत नाही.

मागच्या पत्रात तुला सगळं लिहिलं आणि आज त्याला म्हटलं आठवत नाही. बाबा किचनच्या खिडकीत उभे होते. ऐकू आलं नसेल.

दादा, तू हे वाचत असशील तर एक फोन कर. बोलू नकोस. नुसती रिंग दे. मग मी गुरुवार पुढे ढकलते.

उर्वी

१२ जून, दुपार

रिंग आली नाही. पत्र पोचायलाच तीन दिवस लागतात, हे मला पेटीत टाकल्यावर सुचलं. की आधीच सुचलं होतं, कोण जाणे.

सकाळी सातला आले, ऊन चढायच्या आत. रोहेलिओ आणि त्याचा मेहुणा. बाबा फोल्डिंग खुर्ची टाकून, टोपी घालून, वॉकर पुढे. मांडीवर टॉर्च. दिवसाढवळ्या टॉर्च.

बाबा त्यांच्याशी स्पॅनिश बोलतात ते विसरलेच होते मी. साइटवरचं स्पॅनिश, सगळं आज्ञार्थात. "देस्पासिओ, देस्पासिओ! कुइदादो!" हळू, जपून. रोहेलिओने विचारलं तुम्ही इंजिनिअर का. बाबा म्हणाले, सिटी ऑफ डॅलस, ड्रेनेज. तो म्हणाला, माझा बाप तिथेच खोदायचा, बहुतेक तुमच्यासाठीच खोदलं असेल. दोघं हसले. इतका चांगला मूड मी ते पडल्यापासून पाहिलाच नव्हता.

फरश्या निघाल्या. भिंत निघाली. मग माती फावड्याने काढायला लागले. वरची कोरडी, खाली काळी, अजून ओलीच. तीन वर्षं झाड नाही आणि माती ओली. वास आला, फ्रिजमध्ये विसरलेल्या डब्यासारखा.

मग खोड दिसायला लागलं. दादा, झाड जमिनीत शिरतं तिथे रुंद होतं ना, पायात फ्लेअर असलेल्या पँटसारखं? पारावर ते कधी दिसलंच नव्हतं. खांबासारखं सरळ शिरायचं. आपल्याला वाटायचं असंच असतं. आज दीड फूट खाली ते रुंद झालेलं दिसलं, म्हणजे खरी जमीन तिथे होती. आणि त्या सगळ्या मधल्या दीड फुटात साल नव्हतीच. हात लावला की केकसारखं सुटत होतं. मातीत नवीन मुळं फुटलेली, ती बाहेर न जाता खोडाभोवतीच गोल गोल फिरलेली, मनगटाएवढी जाड, एकमेकांवर. गळा आवळल्यासारखी. त्यातल्या एकात नायलॉनचा दोरा. हिरवट, तसाच्या तसा.

रोहेलिओ खाली वाकला, मुळं बघितली, उठला. कोणाला उद्देशून नाही, नुसतं म्हणाला, "ही माती कोणी घातली? झाडाला श्वास घेता आला नाही. सहा-सात वर्षं लागतात मरायला, पण मरतंच."

बाबांनी टॉर्च लावला. वॉकर चिखलात घालून कडेपर्यंत गेले. मी धरायला गेले तर हात झटकला. किती वेळ बघत होते सांगता येत नाही, मेहुण्याने तोवर पाण्याची बाटली संपवली. मग त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला, ओठ हलत होते. २०१२. २०१८. सहा.

"यो," म्हणाले. मी. मग इंग्लिशमध्ये, "आय डिड."

टॉर्च बंद केला, खुर्चीवर येऊन बसले. मशीन सुरू झालं. दातांचं चाक इकडून तिकडे, इकडून तिकडे, आणि लाकडाचा भुगा उडत होता. बाबांच्या टोपीवर, पँटवर. झटकला नाही.

मशीनच्या आवाजात काहीतरी म्हणाले. मी कान जवळ नेला.

"निमिषने बघायला बोलावलं होतं ना कोणाला तरी. ती काय म्हणाली होती गं?"

मी म्हटलं, बाबा, आवाज फार आहे, नंतर बोलू.

१३ जून

दुरुस्त्या.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाबा दुसरं काय म्हणाले ते लिहीत नाही. लिहिते. आईच्या चौदाव्याला, शेवटचे पाहुणे निघाल्यावर, तू ट्रे गोळा करत होतास. बाबा म्हणाले, "आधी झाड, मग ती. दोन्ही तूच घालवलीस." का, तर आईने ऑगस्टमध्ये केमो पुरे असं तुला सांगितलं आणि तू ते डॉक्टरांना सांगितलंस. तिला बाबांना सांगायचा धीर नव्हता. तू तिचं काम केलंस. तू ट्रे सिंकमध्ये ठेवलास आणि त्याच संध्याकाळी गेलास. बाबांना आईबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून पुढची सात वर्षं ते झाडाबद्दल बोलले.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की ती बाई पाणी कमी पडतंय म्हणाली. खोटं.

तारीख १८ मे २०१८. तू आईला केमोला घेऊन गेला होतास, बाबाही बरोबर. घरी मी. ती आली, दहा मिनिटं बघितलं, कुदळीसारखं काहीतरी घेऊन पाराच्या एका कोपऱ्यात हातभर उकरलं, परत बुजवलं. मला म्हणाली, हे सगळं काढा, भिंत, माती, सगळं, या उन्हाळ्यातच. मग वाचेल. आणि एका पिवळ्या कागदावर लिहून दिलं, चित्रसुद्धा काढून दिलं, बाण दाखवून. म्हणाली, वडिलांना द्या.

पाच वाजता तुमची गाडी आली. आई उतरली ती घरात गेलीच नाही. सरळ पारावर जाऊन बसली, चप्पल काढून, पाय वर घेऊन. रोज बसायची तशी. दिवसातली तेवढीच एक जागा होती जिथे तिला मळमळत नव्हतं. तू मला विचारलंस, काय म्हणाली ती? आणि मी म्हटलं, पाणी कमी पडतंय म्हणाली.

तेव्हाचं कारण मी सांगू शकते. ते मला स्वतःला पटतं. आईची जागा कोण मोडणार.

पण तू ते खरं मानलंस. रोज संध्याकाळी नळी घेऊन तू त्या पारावर पाणी सोडायचास. अर्धा अर्धा तास. कुजणाऱ्या खोडावर पाणी. आई तुला म्हणायची, बस रे आता, पाय भिजले माझे.

आणि चौदाव्याला, बाबा ते बोलले तेव्हा, मी किचनमध्ये होते. आई नव्हती. पार वाचवायचं काही कारण नव्हतं. कागद माझ्या पर्समध्ये होता. फ्रिजपासून तुझ्यापर्यंत सहा पावलं असतील. मी फ्रिज उघडला आणि त्यात दही शोधत राहिले.

याला कारण नाही. सात वर्षं शोधतेय. मला भीती वाटली की मग मी मारलं असं होईल. एवढंच आहे. तुझ्यावर ढकललेलं तुझ्यावर राहू दिलं, कारण ते तिथे आधीच होतं.

पत्र अजून पेटीत टाकलं नाही. आधी बाबांना सांगते. तुला सांगणं सोपं आहे, तू समोर नाहीस.

२१ जून

दादा,

रविवारी सांगितलं. नाश्त्याला. पोह्यांवर कागद ठेवला नाही, पण जवळजवळ तसंच. त्यांच्या ताटाशेजारी.

चष्मा पुसला, कागद वाचला. चित्र नीट बघितलं, बाणांवरून बोट फिरवून. ड्रॉइंग तपासतात तसं. तारीख वाचली.

"अठरा मे. तेव्हा उत्तरा बसायची तिथे."

"हो."

"तू तेव्हा सांगितलं असतंस तरी मी पार मोडला नसता."

मला वाटलं, झालं. सुटले. खरंच सांगते, मला पोहे खायची इच्छा झाली.

मग त्यांनी कागदाची घडी घातली, जशी होती तशीच, आणि म्हणाले, "आणि चौदाव्याला?"

मी पोहे चिवडत राहिले. त्यांनी वाट बघितली. किती, ते माहीत नाही, पोहे गार झाले. मग उठले, वॉकर घेतला, आपल्या खोलीत गेले.

आज सहा दिवस झाले, कालची दोन वाक्यं सोडली तर माझ्याशी बोलत नाहीत. ओरडत नाहीत, रागही दाखवत नाहीत. चहा एक कप करतात. मी बॉक्स भरते, ते त्यावर मार्करने लिहितात, किचन, पुस्तकं, उत्तराच्या साड्या. मी विचारलं, बाबा, हा बॉक्स कुठे? तर बोट दाखवतात. घरातला माणूस असं वागला की काय होतं ते मला आता कळतंय. मला सहा दिवस झालेत. तुला सात वर्षं होतील सप्टेंबरमध्ये. मला कळतंय असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण लिहिलं, असू दे.

खड्डा बुजवला. रोहेलिओ म्हणाला होता की लाकडाचा भुगा भरून वर माती टाकली तरी ती जागा खाली बसत राहते, खालची मुळं कुजत जातात तशी. दर वर्षी थोडी माती टाकावी लागते, बरीच वर्षं. मी ते घेणाऱ्यांना लिहून ठेवलंय. चित्र काढून, बाण दाखवून. किचनच्या काउंटरवर, चिकटपट्टीने, दिसेल असं.

काल संध्याकाळी बाबा माझ्या दारात आले. हातात लेटरपॅड, ते सिटीचं जुनं, वर लोगो असलेलं. सहा दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"निमिषचा पत्ता दे. मॉरिसव्हिलचा."

मी सांगायला लागले तर म्हणाले, "लिहून दे. तुझ्या तोंडी निरोपावर आता मी जात नाही."

लिहून दिला. पिनकोडसकट. आज सकाळी टेबलावर पाकीट होतं, बंद, तुझं नाव देवनागरीत, पत्ता इंग्लिशमध्ये. हातात घेतलं. जाड आहे. उजेडात धरलं नाही. धरावंसं वाटलं, धरलं नाही. पिवळा कागद माझ्याकडे परत आलेला नाही, म्हणजे तोही त्यातच असेल.

त्यांनी तुला काय लिहिलंय मला माहीत नाही. माफी मागितलीये की माझ्याबद्दल लिहिलंय, की नुसतं पाऊण इंचाच्या उताराबद्दल. तू यावंस असं मी म्हणणार नाही. ते ज्याने म्हणायचं तो माणूस आता तिकडे टेबलावर पोस्टाचं तिकीट शोधतोय.

हे आणि तेराचं, दोन्ही एकाच पाकिटात घालतेय. आत लिहिलं तर तू ते वाचशील तेव्हा माझं पाकीट आधीच उघडलेलं असेल, म्हणून बाहेर, तुझ्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिते:

आधी बाबांचं उघड.